हरणारी पेशी एकटी असती तर जगली असती : पेशींमधली स्पर्धा फळमाशीच्या डोळ्यात कशी पाहायची

एका ऊतीतल्या सगळ्या पेशी सारख्याच जोमाच्या नसतात. काहींची वाढ जरा मंद असते, काहींत प्रथिनं कमी तयार होतात. अशा मंद पेशींना मोकळं सोडलं तर त्या अख्खा अवयव, किंबहुना अख्खा प्राणी नीट घडवतात. पण त्यांच्या शेजारी जोमदार पेशी आल्या की त्या मरू लागतात आणि रिकामी जागा शेजारणी भरून काढतात. अवयवाचं माप तेच राहतं, आतली वस्ती मात्र बदलते. याला पेशी-स्पर्धा म्हणतात.

ठाणे, वाशी, नेरूळ, पनवेल या पट्ट्यातल्या कॉलेजांत प्राणिशास्त्र किंवा बायोटेक घेऊन एमएस्सी करणाऱ्या मुलांसाठी हा लेख आहे. खारघरला टाटा मेमोरिअल सेंटरचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आपल्याकडे हा विषय निघाला की चर्चा लगेच कॅन्सरवर जाते. ते साहजिक आहे. तरी माझा आग्रह असा, की आधी ही स्पर्धा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. त्यासाठी कन्फोकल मायक्रोस्कोप लागत नाही. साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप, एक बीओडी इन्क्युबेटर (तापमान स्थिर राखणारं कपाट), माश्यांचे चार स्टॉक (ठरावीक जनुकांचे पाळलेले वाण) आणि सकाळ-संध्याकाळ वेळ देणारं कुणीतरी, एवढ्यावर काम होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करू, कारण पुढचा सगळा प्रयोग तिच्यावरच उभा आहे. पेशी मेली म्हणजे ती स्पर्धेत हरली, असं होत नाही. मुळातच जगू न शकणारी पेशी कुठेही मरेल. स्पर्धा म्हणायची तर ‘हीच पेशी आपल्यासारख्याच पेशींच्या सोबतीत असताना जगते’ हे त्याच प्रयोगात, त्याच वेळी दाखवावं लागतं. हे न दाखवता केलेला दावा मी तरी मान्य करत नाही, मग फोटो कितीही सुंदर असोत.

मायन्यूट माश्यांपासूनच सुरुवात का

१९७५ साली माद्रिदमध्ये हिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल हे ‘मायन्यूट’ नावाच्या म्युटंट फळमाश्यांवर काम करत होते. या माश्यांत रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) एखाद्या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. दोन्ही प्रती बिघडल्या तर जीव वाचत नाही. एकच बिघडली तर माशी सुखरूप वाढते, फक्त दोन-तीन दिवस उशिरा, आणि तिच्या पाठीवरचे राठ केस आखूड नि बारीक राहतात. मोराता आणि रिपोल यांनी क्ष-किरणांनी निरोगी अळीत थोड्याच पेशी अशा ‘मायन्यूट’ केल्या. या पेशींनी निदान थोडा तरी पंख बनवायला हवा होता. प्रत्यक्षात त्या नाहीशा झाल्या, आणि जितक्या लवकर बनवाव्यात तितक्या त्या मोठ्या माशीत कमी सापडत. म्हणजे जी पेशी अख्खी माशी घडवू शकते, तिला निरोगी शेजारात पंखाचा कोपराही मिळेना.

पुढे इतर अनेक जोड्या सापडल्या, त्यांच्याकडे शेवटी येऊ. शिकायला मात्र मायन्यूट सर्वांत बरी, कारण हरणाऱ्या पेशी एकट्याने जगतात याचा पुरावा व्हायलमध्ये, म्हणजे माश्या पाळायच्या नळीत, उडत असतो.

पायरी १ : परवानगी आणि स्टॉक

या माश्या जनुकीय बदल केलेल्या आहेत. त्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्या, स्टॉक नंतर मागवा. वापरून झालेल्या व्हायल्स फ्रीझरमध्ये गोठवून किंवा ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या. माश्या खिडकीतून बाहेर सोडायच्या नाहीत.

स्टॉक परदेशातून मागवण्यापेक्षा देशातल्याच एखाद्या माशी-प्रयोगशाळेकडून घेणं सोपं जातं. बंगळुरूला एनसीबीएसच्या आवारात फ्लाय फॅसिलिटी आहे, पुण्यात आयसरमध्ये माश्यांवर काम चालतं. पत्र लिहिताना गाइडच्या सहीने लिहा आणि जीनोटाइप पूर्ण द्या. लागणारे चार स्टॉक असे (आय-फ्लिप, एफआरटी म्हणजे काय ते यादीनंतर सांगतो):

पहिला, आय-फ्लिप आणि एफआरटी ८२बी एकत्र असलेला. आय-फ्लिप एक्स गुणसूत्रावर आणि डोळ्याचा रंग पांढरा.

दुसरा, नुसता एफआरटी ८२बी, आय-फ्लिपशिवाय. हाही पांढऱ्या डोळ्यांचा.

तिसरा, एफआरटी ८२बी असलेल्या त्याच बाहूवर डोळ्याच्या लाल रंगाचं जनुक आणि जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन).

चौथा, तिसऱ्यासारखाच, पण त्याच बाहूवर आरपीएस३ या रायबोसोम-जनुकातला बिघाडही. हा टीएम६बी या बॅलन्सरवर, म्हणजे बिघडलेलं जनुक स्टॉकमधून निसटू न देणाऱ्या खास गुणसूत्रावर, सांभाळलेला असतो.

यातली युक्ती थोडक्यात सांगतो. फ्लिप हे यीस्टमधलं विकर आहे. ते एफआरटी नावाच्या जागी गुणसूत्राच्या जोडीतल्या बाहूंची अदलाबदल घडवतं. फळमाशीत ते १९८९ मध्ये केंट गोलिक आणि सुसान लिंडक्विस्ट यांनी आणलं. अदलाबदल झालेली पेशी विभागली की तिच्या दोन लेकींपैकी एकीकडे लाल रंगाच्या दोन्ही प्रती जातात आणि दुसरीकडे एकही जात नाही. आय-फ्लिप हे विकर मुख्यतः डोळा घडवणाऱ्या पेशींत चालू असतं. म्हणून त्या माशीच्या डोळ्यात गडद लाल, फिकट नारिंगी आणि पांढरे असे तुकडे दिसतात. चौथ्या स्टॉकमध्ये लाल रंग आणि आरपीएस३ चा बिघाड एकाच बाहूवर आहेत. त्यामुळे नारिंगी पेशी म्हणजे मायन्यूट आणि पांढरी पेशी म्हणजे निरोगी. गडद लाल पेशीत दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, म्हणून ती मरतेच.

स्टॉक हातात आल्यावर एक तपासणी चुकवू नका. तिसऱ्या आणि चौथ्या स्टॉकमधल्या नरांच्या एक्स गुणसूत्रावरही पांढरं जनुकच हवं. ते लाल असेल तर क्रॉसमधल्या (ठरवून लावलेल्या नर-मादी जोडीच्या) सगळ्या मुलींचे डोळे लाल येतील. तशा वेळी फक्त मुलगे मोजा, कारण त्यांना एक्स आईकडून मिळतो.

पायरी २ : खाद्य, हवा आणि नवी मुंबईचा पावसाळा

एक लिटर पाण्याला ८ ग्रॅम अगर, ८० ग्रॅम मक्याचं पीठ, ४० ग्रॅम साखर आणि १५ ते २० ग्रॅम सुकं यीस्ट. पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. सगळं एकत्र उकळून, ढवळत राहून दाट करा. आच बंद करून ६० अंशांच्या खाली आल्यावर ४ मिली प्रोपिऑनिक अॅसिड आणि १० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं १ ग्रॅम मिथाइल पॅराबेन घाला. ही दोन्ही बुरशी रोखण्यासाठी असतात. गरम असतानाच घातली तर अॅसिडची वाफ नाकातोंडात जाते आणि खाद्यात कमी उरतं.

जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडे खरी अडचण दमटपणाची. ओतलेल्या व्हायल्स लगेच बोळे लावून बंद केल्या की आत वाफ धरते, काचेवरून पाणी उतरतं आणि माश्या त्यात चिकटून मरतात. म्हणून व्हायल्सवर मलमलचं स्वच्छ कापड टाकून रात्रभर पंख्याखाली ठेवा, सकाळी काचेवरचं पाणी टिपून मग बोळे लावा. दमट दिवसांत माइट्सही (अगदी बारीक कोळीवर्गी जीव) पसरतात. व्हायलच्या काचेवर पिठासारखे हलणारे कण दिसले तर ती व्हायल तिथल्या तिथे बंद पिशवीत घालून गोठवा. ‘एवढा क्रॉस होऊ दे’ म्हणून ठेवली की आठवड्यात अख्खा रॅक जातो.

तापमान २५ अंश. या तापमानाला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये खोली सहज ३२-३३ वर जाते, आणि ३० च्या आसपास नर वांझ होऊ लागतात. त्यामुळे ‘खोलीच्या तापमानाला’ हे शब्द परदेशी प्रोटोकॉलमध्ये असले तरी आपल्यासाठी नाहीत. बीओडी चालू असूनही लाइट जाते तेव्हा आत काय होतं हे कळायला कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर व्हायल्सच्या शेजारी ठेवा आणि रोज वहीत टिपा. तिन्ही क्रॉस एकाच खणात, एकाच ट्रेवर ठेवा. वरच्या आणि खालच्या खणात एक-दोन अंशांचा फरक असतो.

आणखी एक स्थानिक गोष्ट. एपीएमसीच्या फळबाजारातून किंवा कँटीनच्या केळ्यांवरून रानटी फळमाश्या आत येतातच. त्यांचे डोळे लाल असतात. अशी एक माशी व्हायलमध्ये शिरली की अख्खा लाल डोळा ‘निकाल’ म्हणून वहीत चढतो. प्रयोगाच्या खोलीत फळं आणू नका, आणि कोपऱ्यात व्हिनेगरचा सापळा कायम ठेवा.

पायरी ३ : तीन क्रॉस, एकाच दिवशी

क्रॉस अ : पहिल्या स्टॉकच्या व्हर्जिन (मीलन न झालेल्या) माद्या आणि तिसऱ्या स्टॉकचे नर. इथे डोळ्यात तुकडे पडतात, पण कुणीही मायन्यूट नाही. तुल्यबळ पेशी शेजारी असताना काय दिसतं ते हा क्रॉस सांगतो.

क्रॉस ब : पहिल्या स्टॉकच्या व्हर्जिन माद्या आणि चौथ्या स्टॉकचे नर. स्पर्धा इथे आहे.

क्रॉस क : दुसऱ्या स्टॉकच्या व्हर्जिन माद्या आणि चौथ्या स्टॉकचे नर. इथे फ्लिप नाही, म्हणजे अख्खी माशी मायन्यूट. हरणाऱ्या पेशी एकट्या असताना काय करतात ते इथे दिसतं.

मुलं ‘क’ गाळतात. दोन व्हायल्स कमी, तेवढंच काम कमी. पण ‘क’ नसेल तर ‘ब’ मधल्या पांढऱ्या डोळ्याला काही अर्थ उरत नाही.

माद्या व्हर्जिनच हव्यात, कारण एकदा मीलन झालं की मादी नराचे शुक्राणू साठवून ठेवते आणि तुमच्या क्रॉसमध्ये परकी पिल्लं येतात. २५ अंशांना कोषातून बाहेर पडल्यावर साधारण ८ तासांच्या आत मादी वेगळी करावी लागते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणाऱ्या मुलांसाठी सोयीचा मार्ग असा : संध्याकाळी निघताना व्हायलमधल्या सगळ्या माश्या काढून टाका आणि व्हायल १८ अंशांना ठेवा. थंडीत सगळं सावकाश होतं, त्यामुळे सकाळी आल्याबरोबर ज्या माद्या निघालेल्या असतील त्या चालतात. फिकट अंग, अजून नीट न उलगडलेले पंख आणि पोटातून दिसणारा गडद हिरवट ठिपका, ही ताज्या मादीची खूण. निवडलेल्या माद्या दोन-तीन दिवस नराविना वेगळ्या व्हायलमध्ये ठेवा. अंड्यांतून अळ्या निघाल्या तर ती व्हायल बाद.

कार्बन डायऑक्साइडचा पॅड नसेल तर व्हायल बर्फात दोन-तीन मिनिटं ठेवा आणि माश्या बर्फावरच्या पेट्री डिशमध्ये टिपकागदावर काढा. ईथर नको. ते पेट घेतं, आणि माश्याही जास्त मरतात.

प्रत्येक व्हायलमध्ये ८-१० माद्या आणि ५-६ नर. दर २४ तासांनी त्यांना नव्या व्हायलमध्ये हलवा, म्हणजे अळ्यांची गर्दी होत नाही. गर्दी झाली की सगळ्याच अळ्या मंद वाढतात आणि मायन्यूटचा उशीर त्यात हरवतो.

पायरी ४ : थांबायला शिका

‘ब’ आणि ‘क’ मध्ये आधी बाहेर पडतात त्या बॅलन्सर मिळालेल्या माश्या. त्यांच्या खांद्याजवळ जास्तीचे केस असतात, त्यावरून टीएम६बी ओळखता येतो. कोषही आखूड नि जाडसर असतात. त्या मोजायच्या नाहीत. तुम्हाला हव्या असलेल्या मायन्यूट माश्या त्यांच्यानंतर दोन-तीन दिवसांनी निघतात. पहिल्या दिवशीच्या माश्या मोजून व्हायल फेकून दिली तर प्रयोगच फेकला जातो.

‘ब’ मधली योग्य माशी हाती आली की तिची आधी पाठ पाहा. वक्षाच्या मागच्या टोकाला, त्रिकोणी भागावर, चार मोठे केस असतात. ‘अ’ च्या माशीत ते लांब, काळे, मागे वळलेले. ‘ब’ च्या माशीत तेच केस बारीक, आखूड, जणू अर्ध्यावर थांबलेले. म्हणजे हिचं शरीर मायन्यूट आहे आणि मायन्यूट असूनही ते पूर्ण घडलंय. आता पॅडवर तिला कुशीवर वळवा आणि डोळा पाहा. डोळा जवळजवळ सगळा पांढरा, कडेला कुठे तरी नारिंगी रेघ. माप मात्र ‘अ’ च्या डोळ्याएवढंच, बाहेरून कुठेही खड्डा नाही. ‘क’ च्या माशीचे केस असेच बारीक, पण डोळा एकसारखा नारिंगी आणि जवळपास नेहमीच्या मापाचा. एकाच प्रकारच्या पेशी, पाठीवर टिकल्या, ‘क’ च्या डोळ्यात टिकल्या, ‘ब’ च्या डोळ्यातून गेल्या. हे एका ट्रेवर शेजारी-शेजारी पाहिल्यावर विषय जसा कळतो तसा आकृतीवरून कळत नाही.

पायरी ५ : मोजणी

व्हायल्सवरची नावं मित्राकडून बदलून घ्या. मोजणाऱ्याला अ, ब, क माहीत नसावं. प्रत्येक माशीच्या दोन्ही डोळ्यांचा फोटो घ्या, प्रकाश आणि मॅग्निफिकेशन तेच ठेवून. इमेज-जे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात डोळ्याची बाह्यरेषा काढून एकूण क्षेत्रफळ घ्या, मग पांढऱ्या भागाचं. दोन आकडे हवेत : पांढऱ्याचं प्रमाण आणि डोळ्याचं एकूण माप. दुसरा आकडा न घेणारे बरेच असतात. पण जागा भरून निघाली का, हे त्यावरूनच कळतं.

नमुना म्हणजे माशी. एका डोळ्यातले दहा तुकडे म्हणजे दहा नमुने नव्हेत, आणि एका माशीचे दोन डोळेही दोन नमुने नव्हेत. त्यांची सरासरी घ्या. प्रत्येक क्रॉसच्या किमान तीन स्वतंत्र व्हायल्स, शक्यतो वेगवेगळ्या आठवड्यांत. प्रमाणांचे आकडे शंभराच्या जवळ दाटतात, तेव्हा टी-टेस्टऐवजी मॅन-व्हिटनी वापरा आणि आलेखात प्रत्येक माशीचा ठिपका दाखवा.

डोळा काय सांगत नाही

इथे घाई करू नका. ‘ब’ चा डोळा पांढरा होण्याची तीन कारणं असू शकतात आणि ती तिन्ही एकाच वेळी चालू असतात.

पहिलं, गडद लाल पेशी स्वतःहूनच मरतात. दोन्ही प्रती बिघडल्यावर त्या कुठेही जगल्या नसत्या. ही स्पर्धा नाही.

दुसरं, आय-फ्लिप डोळा घडत असताना बराच काळ चालू राहतं. नारिंगी पेशी विभागत गेल्या तशा त्यांतून पांढऱ्या वेगळ्या होतच राहतात. शिवाय निरोगी पेशी वेगाने वाढतात. समजा नारिंगी पेशी एकही मेली नाही, तरी या दोन कारणांनी पांढरा भाग वाढलाच असता. हीही स्पर्धा नाही.

तिसरं, पांढऱ्या पेशींच्या शेजारी असल्यामुळे नारिंगी पेशी मेल्या. फक्त हीच स्पर्धा.

डोळ्याच्या प्रयोगातून ही तिन्ही वेगळी काढता येत नाहीत. तो प्रयोग दाखवण्यासाठी उत्तम, सिद्ध करण्यासाठी अपुरा. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘पेशी-स्पर्धेशी सुसंगत’ असं लिहा, ‘सिद्ध झाली’ असं लिहू नका.

पायरी ६ : सिद्ध करायचं असेल तर पंखाची चकती

ज्यांना फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आणि अँटिबॉडीची सोय आहे त्यांनी पुढे जावं. इथे आय-फ्लिपऐवजी उष्णतेने चालू होणारं फ्लिप घ्यायचं. म्हणजे अदलाबदल एकदाच, तुम्ही ठरवाल तेव्हा होते. अळीच्या शरीरात पुढच्या भागात पंख घडवणारी चकती असते. पूर्ण वाढलेल्या अळीत तिच्यात हजारो पेशी असतात आणि ती सपाट पसरते, त्यामुळे सीमा स्पष्ट दिसतात.

अळ्यांची व्हायल ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये तासभर बुडवा, बोळा पाण्याच्या पातळीखाली जाईल इतकी, म्हणजे अळ्या वर चढून थंड जागी बसणार नाहीत. वेळ ठरवताना काळजी घ्या. मायन्यूट अळी मंद वाढते. साध्या अळीला अंडी घातल्यापासून साधारण ३६ तासांनी उष्णता दिली तर मायन्यूट अळीला ६० तासांच्या सुमारास द्यावी लागते, तेव्हा त्या सारख्या टप्प्यावर असतात. चकती काढतानाही घड्याळापेक्षा टप्पा पाहा. मायन्यूट अळीला वाढायला जास्तीचे दिवस मिळतात आणि तेवढेच निरोगी तुकड्यांनाही मिळतात, म्हणून नुसत्या तुकड्यांच्या आकारावर भिस्त ठेवू नका.

थंड पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) अळी अर्धी कापून पुढचा भाग मोज्यासारखा उलटा करा. ४ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये २० मिनिटं. ०.३ टक्के ट्रायटन घातलेल्या पीबीएसने तीनदा धुवा. सीरमने तासभर ब्लॉक. मग मृत्यूच्या वाटेवरच्या पेशी ओळखणारी, तुटलेल्या डीसीपी-१ विरुद्धची अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांना. दुसऱ्या दिवशी लाल रंगाची दुय्यम अँटिबॉडी दोन तास, कारण हिरवा रंग जीएफपीने आधीच घेतलाय. शेवटी डॅपी (केंद्रकं दाखवणारा रंग), आणि चकत्या सोडवून स्लाइडवर.

आता चित्रात काळे तुकडे म्हणजे निरोगी पेशी, हिरवा परिसर म्हणजे मायन्यूट. शोधायचंय ते असं : हिरवी असून डीसीपी-१ ने उजळलेली पेशी, आणि ती काळ्या तुकड्याच्या सीमेपासून एक-दोन पेशींच्या अंतरात. सीमेलगतच्या पट्ट्यातल्या आणि आतल्या हिरव्या भागातल्या अशा पेशी वेगवेगळ्या मोजून दर क्षेत्रफळामागे काढा. सोबत फ्लिप नसलेली, संपूर्ण मायन्यूट चकतीही हवी. मायन्यूट चकतीत तुकडे नसतानाही थोड्या पेशी मरत असतात. ही पातळी वजा न करता सीमेवरच्या मृत्यूंचा आकडा देणं बरोबर नाही.

यापुढचा एकच प्रयोग सुचवतो. २०१८ मध्ये निकोलस बेकर यांच्या गटाने दाखवलं की मायन्यूट पेशी हरण्यासाठी एक्सआरपी१ नावाचं जनुक लागतं. ते बिघडवलं की त्याच मायन्यूट पेशी निरोगी शेजारातही टिकतात. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. रायबोसोमचं प्रथिन कमी असतं म्हणून पेशी दमून मरते, असं सोपं चित्र आपण डोक्यात धरतो. प्रत्यक्षात पेशी आतल्या एका यंत्रणेच्या सांगण्यावरून माघार घेते, आणि ती यंत्रणा काढून घेता येते.

इतर जोड्यांना हीच कसोटी

२००४ मध्ये दोन गटांनी, एदुआर्दो मोरेनो व कोनराड बासलर यांनी आणि लॉरा जॉन्स्टन यांच्या प्रयोगशाळेने, उलट बाजू दाखवली. मिक हे वाढीचं जनुक ज्या पेशींत जास्त असतं त्या आपल्या पूर्ण निरोगी शेजारणींना मारतात. इथे हरणारी पेशी ही साधी, सुदृढ पेशी आहे. कसोटीतला ‘क’ म्हणजे कुठलीही साधी माशी.

स्क्रिबल हे पेशीची वर-खाल दिशा सांभाळणारं जनुक. ते बिघडलेल्या थोड्या पेशी निरोगी चकतीत असतील तर काढून टाकल्या जातात. सगळीच चकती तशी असेल तर ती गाठीसारखी बेसुमार वाढते. इथे ‘क’ घेतला नाही तर या पेशी दुबळ्या आहेत असाच निष्कर्ष निघेल, आणि तो साफ चुकीचा असेल.

पेशी-संवर्धन करणाऱ्यांसाठी कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या एमडीसीके पेशी आहेत. यासुयुकी फुजिता यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की रास जनुक सतत चालू असलेली पेशी साध्या पेशींनी वेढली की थरातून वरच्या बाजूला ढकलली जाते. सगळ्याच रास-पेशी असतील तर असं होत नाही. साध्या पेशींत रास-पेशी अगदी थोड्या मिसळा, पन्नासास एक किंवा त्याहून कमी, म्हणजे प्रत्येक रास-पेशीला चारही बाजूंनी साध्या शेजारणी मिळतील. हैदराबादच्या टीआयएफआरमध्ये तमाल दास यांच्या गटाने दाखवलंय की खालचा आधार ताठर असेल तर ही हकालपट्टी नीट होत नाही. तेव्हा काचेवरचा आणि मऊ जेलवरचा निकाल एकत्र करू नका.

माणसांबद्दलचा पेपर वाचताना

माणसात ‘क’ व्हायल लावता येत नाही. म्हणून वाचताना जास्त सावध राहा. उंदराच्या भ्रूणात मिक कमी असलेल्या पेशी जास्त असलेल्यांपुढे हरतात, हे माद्रिदच्या मिगेल तोरेस यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं. तिथे पुरावा थेट आहे. २०१४ मध्ये हान्स-रायमर रोडेवाल्ड यांच्या गटाने उंदरांच्या थायमसमध्ये (छातीतली, टी-पेशी घडवणारी ग्रंथी) पाहिलं की अस्थिमज्जेतून येणाऱ्या नव्या पेशी जुन्यांना सतत बाजूला सारतात. हा ओघ थांबला की जुन्या पेशी टिकून राहतात आणि त्यातून ल्युकेमिया उद्भवतो. तोही थेट प्रयोग.

माणसाच्या अन्ननलिकेत चित्र वेगळं. इन्यिगो मार्तिन्कोरेना आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये निरोगी अन्ननलिकेच्या तुकड्यांमधला डीएनए वाचला. मध्यमवयापर्यंत अर्ध्याहून जास्त अस्तर म्युटंट पेशींच्या वंशाने व्यापलेलं होतं आणि त्यात नॉच१ या जनुकातले बदल फार होते. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये मात्र तेच बदल कित्येक पटींनी कमी सापडतात. नॉच१ बिघडलेली पेशी जिंकते, पण ती जिंकली म्हणजे रोग आला असं नाही. या पेपरमध्ये एका क्षणाचं छायाचित्र आहे. शेजारणी मेल्या, की नुसत्या मागे पडल्या, हे त्यावरून ठरत नाही.

त्याला जोडून २०२१ मधला फिल जोन्स यांच्या गटाचा उंदरांवरचा अभ्यास वाचा. रसायन देऊन अन्ननलिकेत सूक्ष्म गाठी निर्माण केल्या, तर त्यातल्या बहुतेक काही काळाने नाहीशा झाल्या. त्यांना शेजारच्या साध्या दिसणाऱ्या अस्तरातल्या जोमदार म्युटंट पेशींनी हटवलं होतं. अस्तराची स्पर्धाशक्ती बदलली की किती गाठी टिकतात तेही बदललं. जर्नल क्लबला हा पेपर घेतलात तर आकृत्या समोर ठेवून प्रत्येकीखाली पेन्सिलने अ, ब किंवा क लिहा, आणि ज्या दाव्यासाठी ‘क’ सापडत नाही तो चर्चेला काढा.